सामाईक डिस्क

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चारकोपच्या एका सेक्टरमधल्या एका बैठ्या घरात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद पडलं होतं, आणि त्याला कारण जागा नव्हती, पैसा नव्हता, बायका तर मुळीच नव्हत्या. कारण होतं एक डिस्क. तळहातावर मावेल एवढी, काळी, कॉम्प्युटरला वायरीने जोडायची. त्याहून गंभीर बाब अशी की, हे कारण दोघा भावांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही, पण हातातला चहा खाली ठेवलेला बरा.

थोरला भाऊ म्हणजे माझे घरमालक. मी नगरकडून नोकरीला आलो होतो, जाहिरातीच्या एका कंपनीत मराठी मजकूर लिहायचो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. खाली मालक आणि काकू, वर चढवलेल्या मजल्यावर धाकटे भाऊ आणि त्यांच्या मिसेस. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. मालक मला नावाने कधीच हाक मारत नसत. ‘ओ लेखक!’ असं ओरडायचे, आणि ते ऐकून गल्लीतले लोक माझ्याकडे ज्या दयेने बघायचे ती मला अजून आठवते.

मालक पाणी खात्यातून निवृत्त झालेले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खाली लांब चावी घालायची आणि कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ते बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. चावी खात्याला परत केली, पण मनगटातून गेली नाही. काहीही समजावून सांगताना त्यांचा उजवा हात हवेत ती चावी फिरवायचा. सोपा विषय असेल तर अर्धा फेरा, अवघड असेल तर दोन-तीन.

या नोकरीतून त्यांच्या डोक्यात एक तत्त्व घट्ट बसलं होतं. जगात जे जे भांडणाचं, ते ते सामाईक करून टाकावं. फाटकाला एक मोठी छत्री टांगलेली असे, गल्लीतल्या कुणीही न्यावी म्हणून. लोक न्यायचे. परत आणायचे नाहीत. मालक दुसरी टांगायचे. मी एकदा म्हणालो, “काका, ही पण गेली वाटतं?”

“गेली नाही. फिरतीवर आहे.”

पण त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे सामाईक चष्मा. त्यांचा नंबर कमी, काकूंचा जास्त. दोन चष्मे कशाला, म्हणून त्यांनी दोघांच्या मधला नंबर काढून एकच चष्मा करून आणला आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. चष्मेवाल्याने नको नको म्हटलं होतं म्हणे. परिणाम असा की मालक पेपर हात लांब करून वाचायचे, काकू नाकाला लावून वाचायच्या, आणि बातम्यांबद्दल दोघांचं कधीच एकमत होत नसे.

“पण दिसत कुणालाच नाही, काका!”

“दोघांना थोडं थोडं दिसतं. एकाला सगळं दिसून दुसऱ्याला काहीच न दिसण्यापेक्षा हे बरं.” हवेत एक पूर्ण फेरा.

मी ती खोली सोडून बरीच वर्षं झाली. मध्यंतरी गेलो होतो, तेव्हा चष्मा त्याच खिळ्याला होता. काचेवर दोन्ही बाजूंनी बोटांचे ठसे.

आता गाऱ्हाण्याविषयी. मालक मालवणकडचे. तिकडे देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकजण सांगतो, ‘...असा कर रे म्हाराजा!’ आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मालकांचे वडील गावातले नावाजलेले गाऱ्हाणं घालणारे. मालकांनी ती विद्या चारकोपमध्ये घरगुती वापराला काढली होती. नवा सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्याला उभं करून हात जोडायचे. “बा देवा म्हाराजा, आज ह्यो नवो सिलिंडर इलो आसा, तो दुसरो येयसर पुरूंदे रे म्हाराजा!” आतून पोळी लाटता लाटता काकू, “व्हय म्हाराजा!” डिलिव्हरीवाला, तो बिचारा जौनपूरचा, तोही शिकला होता.

मी राहायला आलो त्या दिवशी माझ्यासाठीही गाऱ्हाणं झालं. “ह्यो झील परगावसून इलो आसा. हेका बरी बुद्धी दी, आणि फाटक आपटून लावायची जी काय सवय हेका आसात, ती काढून टाक रे म्हाराजा!” मी दुपारी एकदाच फाटक आपटलं होतं. तेव्हा मला ही पद्धत कळली. ज्याला काही सांगायचं असेल त्याला सांगायचंच नाही. देवाला सांगायचं. फक्त तो माणूस शेजारी उभा आहे याची खात्री करून घ्यायची.

“पूर्वी वरून पण आवाज यायचा,” काकू एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “हे खाली गाऱ्हाणं सुरू करायचे, आणि वरून भावोजींचा असा दणदणीत ‘व्हय म्हाराजा’ यायचा की शेजारच्या सेक्टरात कळायचं. आता नाही येत.”

“काय झालं पण?”

“पुरुषांचं काहीतरी आहे,” काकू म्हणाल्या. जावाजावांचं उत्तम चाललं होतं. वरून माशांचं तिखलं खाली यायचं, खालून सोलकढी वर जायची, खवणी तर दोन्ही घरांत मिळून एकच होती. नवऱ्यांचं भांडण त्या दोघी केबलच्या बिघाडासारखं घेत. होईल नीट, आपल्याला कुठे जायचंय वर चढून बघायला!

भाऊ मात्र बोलत नसत. मधला निरोप्या मी.

“ओ लेखक, वर सांगा, टाकी भरली.”

मी जिन्याकडे तोंड करायच्या आत वरून, “लेखक, खाली सांगा, ऐकू आलं.”

आता डिस्क. मालकांनी ती सामाईक म्हणूनच आणली होती. घरातले सगळे फोटो, लग्नांची शूटिंगं, गावची जत्रा, सगळं एका ठिकाणी असावं. वर असलं काय, खाली असलं काय, दोन्ही घरांचं. काकूंनी तिला जुन्या साडीची पिशवी शिवली. ती पिशवी दोरीला बांधून वरच्या खिडकीतून खाली-वर व्हायची, कारण पाणी खात्याच्या माणसाला जिन्याने वस्तू नेणं कमीपणाचं वाटायचं. मी एकदा विचारलं, हल्ली लोक इंटरनेटवर चढवून ठेवतात, तसं का नाही करत?

“बाबांचं आहे त्याच्यात,” मालक म्हणाले. “बाबांना एकदा वर पाठवलंय. परत वर कशाला चढवू?”

पण बाबांचं जे सगळ्यात महत्त्वाचं होतं, तेच त्यात नव्हतं. वडिलांनी गावच्या देवळात घातलेलं गाऱ्हाणं कुणीतरी कॅसेटवर घेतलं होतं. ती कॅसेट धाकट्या भावाकडे. त्यांच्या मुलीने लग्न होऊन बेंगळुरूला जाण्याआधी ते तिच्या मॅक कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि जाताना तो जुना मॅक वडिलांना देऊन गेली. डिस्क आल्यावर मालकांनी तिच्यात आपल्याकडचं सगळं भरलं आणि पिशवी वर पाठवली. तोंडाने काही मागितलं नाही. पिशवी वर गेली, दोन दिवस राहिली आणि परत आली. मालकांनी उघडून बघितलं. आपलं होतं तेवढंच. वरून काहीच घातलेलं नाही.

त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि ती खिळ्याला अडकवली, चष्म्याच्या शेजारी. त्या दिवसापासून बोलणं बंद. का दिलं नाहीस, हे विचारायचं नाही. विचारलं तर ते मागितल्यासारखं होतं.

हे सगळं कदाचित असंच खिळ्याला टांगलेलं राहिलं असतं. पण त्या वर्षी गावच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान फिरत फिरत यांच्या घराकडे आला. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. सिलिंडरचं गाऱ्हाणं वेगळं आणि देवळातलं वेगळं. तिथे आधी गावातल्या सगळ्या देवांना क्रमाने हाक मारावी लागते. मालकांना नावं सगळी पाठ होती, क्रम नव्हता; तो होता बाबांच्या कॅसेटवर. आणि क्रम नसला की दर वेळी एखादा देव गळून पडायचा. सुटलेला देव रागावतो, आणि त्याहून जास्त रागावतात समोर उभे असलेले गावकरी.

अंगणात टाकीपाशी सराव चालायचा. “रवळनाथा, सातेरी माये, भूमके, गांगेश्वरा...” इथपर्यंत गाडी धावायची. मग चावी हवेत अडकायची. एक फेरा, अर्धा फेरा, उलटा फेरा. शेवटी मालक घाईघाईने म्हणायचे, “आणि इतर सर्व संबंधित!”

“देव म्हणजे काय सोसायटीचे मेंबर आहेत का, इतर सर्व संबंधित?” काकू आतून. “तिथे असं म्हणालात तर गाव तुम्हाला विहिरीत सोडेल. आणि मग त्या विहिरीला चावी पण नसेल.”

वर, वरच्या काकूंकडून कळलं होतं, धाकटे भाऊ रोज सकाळी वडिलांचं गाऱ्हाणं ऐकत बसायचे. हेडफोन लावून. खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

मी मालकांना म्हटलं, “मी वर जाऊन पेन ड्राइव्हवर आणतो ना.”

“चोरून देव आणायचे?”

“मग मागा.”

“मी डिस्क पाठवली होती. डिस्क पाठवणं म्हणजेच मागणं.”

 मी माझ्या खोलीत गेलो.

माझा स्वतःचा लॅपटॉप जुना, त्यावर एका मित्राने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. मीही ती सामाईक डिस्क वापरायचो. भाडेकरूला हक्क होता, मालकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. फोटो काढायचो, ठेवायचो, कधी अडचण आली नाही. मग ऑफिसने मला नवा मॅक दिला. एका रविवारी मी काकूंच्या वाढदिवसाचे फोटो डिस्कवर ठेवायला गेलो, तर ठेवताच येईनात. आतलं सगळं दिसत होतं, उघडत होतं, वाजत होतं. पण आत काही टाकायला गेलं की नकार.

मालक अंगणात मोरीजवळ बसून बोंबील साफ करत होते.

“काका, डिस्कला काही कुलूप वगैरे घातलंय का? बघता येतंय, पण ठेवता येत नाहीये.”

त्यांचा हात थांबला. “परत बोला.”

“बघता येतंय. ठेवता येत नाहीये.”

“काल येत होतं?”

“जुन्यावर येत होतं. हा नवा आहे. मॅक.”

“वर कुठला आहे?”

“वर पण मॅकच.”

मालक उठले. दोन्ही हात बोंबलांचे, म्हणून कोपराने मला खोलीत ढकललं आणि स्क्रीनसमोर उभे राहिले. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. डिस्कवर आत वस्तू मांडायची एक पद्धत असते. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे, त्याने ही डिस्क आपल्या पद्धतीने, एनटीएफएस म्हणतात तिला, मांडलेली आहे. लिनक्सला ती पद्धत वाचता येते आणि लिहिताही येते, म्हणून मला इतके दिवस कळलं नाही. मॅकला ती नुसती वाचता येते. लिहिता येत नाही.

“म्हणजे इकडून तिकडे जातं, तिकडून इकडे येत नाही.”

“हो.”

“नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह!” मालक एवढ्या जोरात ओरडले की काकू कढई घेऊन बाहेर आल्या. “अगं, व्हॉल्व्ह आहे आत! नॉन-रिटर्न! जन्मभर मी हे व्हॉल्व्ह बसवले, आणि माझ्या घरातला मला ओळखता आला नाही!”

काकूंनी कढई टेबलावर ठेवली आणि थेट जिना चढून गेल्या. पाच मिनिटांत खाली आल्या, मागून वरच्या काकू. वरची बाजू आता पहिल्यांदाच बाहेर पडली. पिशवी वर गेली तेव्हा धाकट्या भावांनी पहिलं काम तेच केलं होतं. बाबांचं गाऱ्हाणं डिस्कवर टाकायला घेतलं. एकदा, दोनदा, दहादा. डिस्क घेईना. मग ते बायकोला म्हणाले होते, “दादान कुलूप घातल्यान. आपल्याक बघूक मोकळीक, ठेवूक बंदी.” आणि पिशवी गाठ मारून खाली सोडली. तेही विचारायला आले नाहीत. विचारलं तर ते मनाला लागल्यासारखं दिसलं असतं.

 मग खालच्या काकू म्हणाल्या, “ह्यांच्या आईला आपण दोष देत होतो गं, की मुलांना बोलायला शिकवलं नाही. देवाशी बोलायला शिकवलंन, तेवढंच.”

एव्हाना पेन ड्राइव्हवर आणून दोन मिनिटांत काम झालं असतं. पण प्रश्न आता फाइलचा राहिला नव्हता. मालक हवेत गरागरा चावी फिरवत अंगणात चकरा मारत होते.

“सगळ्यांना वाचता येईल आणि लिहिता पण येईल, अशी पद्धत नाही?”

“आहे. एक्सफॅट. विंडोज, मॅक, लिनक्स, तिघांना चालते.”

“तिच्यात वाईट काय आहे?”

“वाईट?”

“सामाईक वस्तूत काहीतरी वाईट असतंच हो. नाहीतर ती सामाईक कसली?”

मी सांगितलं, ती जरा नाजूक असते. वायर मध्येच उपटली तर आतलं बिघडू शकतं. जुनी पद्धत सावरून घेते, ही तेवढी सावरत नाही. म्हणून काढायच्या आधी कॉम्प्युटरला विचारून काढायची.

मालकांचा चेहरा फुलला. “विचारून काढायची! बरोबर आहे. हीच करा.”

“पण त्यासाठी डिस्क आधी पूर्ण पुसावी लागेल.”

“आतलं?”

“माझ्याकडे आणि तुमच्या कॉम्प्युटरवर, दोन ठिकाणी उतरवून घेऊ. मग परत भरू.”

मालक गंभीर झाले. “मग असं एकट्याने नाही पुसता येणार. वस्तू दोन घरांची आहे. पुढच्या रविवारी, सकाळी, सगळ्यांच्या देखत. ओ लेखक, वर सांगा.”

मी वर पाहिलं. वरची खिडकी उघडी होती. ती बंद झाली.

रविवारी मी अंगणात टेबल मांडलं. डिस्कमधलं सगळं दोन ठिकाणी उतरवून झालं होतं, ते मी मालकांना दोनदा उघडून दाखवलं होतं. त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. डिस्कला हळदकुंकू लावायला निघाले होते, ते मी हातापाया पडून वायरीपासून लांब लावायला लावलं. दोन्ही काकू खुर्च्यांवर. जिना रिकामा. मालक कुणाची वाट बघत नसल्यासारखे वाट बघत होते. बऱ्याच वेळाने लोखंडी पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि धाकटे भाऊ खालून तिसऱ्या पायरीवर येऊन, पाठ आमच्याकडे करून, थांबले.

“पंपाचा आवाज येत होता,” ते भिंतीला म्हणाले. पंप बंद होता. 

मालकांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दोन्ही काकू आणि मी.

“आज ही जी सामाईक डिस्क आसा, ती सगळ्यांच्या समोर पुसून नवीन करूचा ठरवला आसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हिच्या आत एक व्हॉल्व्ह होतो. तो खालच्याक दिसलो नाय, वरच्याक कळलो नाय. वरच्यान ठेवूक बघितल्यान, ता आत गेला नाय. खालच्यान वाट बघितल्यान, ता इला नाय. खालच्यान मुद्दाम कुलूप घातल्यान, असा जर कोणाच्या मनात आसात, तर ता मनातसून काढून टाक रे म्हाराजा!”

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्या पायावर पाय दिला. दोघी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. ती जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

जिन्यावरून काहीच आलं नाही.

मालकांचा आवाज जरा खाली आला. “खालच्याचीय चूक आसा. इचारूक होया होता, इचारल्यान नाय. ती पदरात घे रे म्हाराजा.”

तरीही नाही. पायरी एकदा कुरकुरली, बस. समोरच्या घरातला कुकर तेवढा शिट्टी मारून गेला.

“दाबा, लेखक,” मालक म्हणाले.

मी दाबलं. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हटलं. बघता बघता डिस्क कोरी झाली. लग्नं, जत्रा, बारशी, सगळं जाऊन नुसती पांढरी चौकट. मी नवा मॅक जोडून एक फोटो आत टाकला. गेला. लिनक्सवर उघडला, उघडला. मालकांच्या विंडोजवर, तिथेही. मी मान हलवली. एवढ्या मोठ्या घटनेला कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

गाऱ्हाणं सुरू केलं की अर्धवट सोडायचं नसतं. मालकांनी डोळे मिटले आणि देवांना हाका मारायला घेतल्या, आता कुणालाच ऐकवायचं नसल्यासारख्या, आपल्याशीच.

“रवळनाथा, सातेरी माये, भूमके, गांगेश्वरा...”

चावी हवेत थांबली. अर्धा फेरा. उलटा फेरा. काकूंनी कपाळाला हात लावला.

“...वेताळा, आणि... आणि इतर सर्व संब...”

लोखंडी जिना वरपासून खालपर्यंत दणाणला. धाकटे भाऊ तीनही पायऱ्या एका उडीत उतरून टेबलापाशी आले होते, लाल झाले होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघून ओरडत होते.

“अरे दादा, पावणाय ऱ्हवली! आपल्या घरची देवी ती! घरच्यांकाच ‘इतर सर्वां’त घातलंस?”